अठ्ठावन्नाव्या वर्षी ब्रश हातात घेताना: सांगलीच्या एका प्रश्नाला साताऱ्याहून उत्तर

प्रश्न विचारणारे गृहस्थ सांगलीचे, वय ५८. हळदीच्या अडतीवर तीस वर्षं दिवाणजी होते. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगला सी ग्रेड मिळाली, त्यानंतर ब्रशला हात लावला नाही. आता जलरंगात निसर्गचित्रं काढायची आहेत. या वयात जमेल का, सामान कुठलं घ्यावं, क्लास लावावा का, चित्रं विकली जातील का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला: "तुमच्या साताऱ्याला डोंगर आहेत. आमच्याकडे सगळं सपाट. मी काढू काय?"

भाऊ, मी साताऱ्यात २६ वर्षं ब्लाऊज शिवले. पहिलं निसर्गचित्र काढलं तेव्हा ५१ वर्षांची होते, आज ६४ आहे. कुठल्याही कला महाविद्यालयात शिकलेले नाही, एलिमेंटरीलासुद्धा बसले नव्हते. त्यामुळे पुढे जे सांगते ते सगळं कागद वाया घालवून शिकलेलं आहे.

वयाचं आधी बोलू. अडतीवर तुम्ही हळकुंड मोडून आतला रंग बघत असाल. दोन ढिगांमधला जो फरक माझ्यासारखीला दिसणारही नाही, त्यावरून तुम्ही भाव सांगत असाल. ही नजर तीस वर्षांत तयार झाली आहे आणि ती उद्या सकाळी तुमच्याबरोबर नदीवर येणार आहे. माझं तसंच झालं. ब्लाऊज-पीसला अस्तर आणि रीळ जुळवताना मी कधी दुकानात ठरवलं नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेला मोरपंखी दारात उन्हात नेला की हिरवट निघायचा. दिवसातून वीस वेळा कापड घेऊन दारात जायचं, उजेडात बघायचं, परत यायचं. त्या वेळी कंटाळा यायचा. पुढे डोंगरासमोर बसले तेव्हा कळलं की राखाडीत जांभळं किती आणि हिरवं किती हे मला आपोआप दिसतंय. विशीतल्या मुलांचा हात माझ्यापेक्षा पुष्कळ सरळ चालतो. पण ही नजर त्यांना अजून कमवायची आहे.

उशिरा सुरुवात करून मोठं काम केलेली माणसंही आहेत. रवींद्रनाथ टागोर चित्रांकडे गंभीरपणे वळले ते साठीनंतर, आणि पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन १९३० साली झालं तेव्हा ते सत्तरीकडे झुकले होते. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. मला जास्त जवळची वाटते ती अमेरिकेतली शेतकरी बाई, ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस. ती भरतकाम करायची. संधिवाताने सुई धरवेना, म्हणून सत्तरीत तिने ब्रश घेतला. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं तेव्हा ती नुकतीच ऐंशी वर्षांची झाली होती, आणि १०१ वर्षांची होऊन ती गेली. सुई सुटल्यावर ब्रश धरता येतो हे मला तिच्यामुळे समजलं. माझ्याही उजव्या अंगठ्याचं दुखणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं.

सामानाचं थोडक्यात सांगते, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. पैसे रंगांवर कमी आणि कागदावर जास्त घाला. ३०० जीएसएमचा म्हणजे जाड, शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद घ्या. पूर्ण शीट २२ बाय ३० इंचाची असते. तिचे आठ तुकडे करा, साडेसात बाय अकराचे. पहिलं वर्षभर यापेक्षा मोठं काढू नका. पातळ कागदावर पाणी पडलं की तो फुगतो, रंग खळग्यात साचतो, आणि आपण समजतो की आपलाच हात वाईट.

रंग सहा पुरेत: एक थंड म्हणजे लिंबासारखा पिवळा, मातकट पिवळा यलो ऑकर, विटकरी बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि सेरुलियन हे दोन निळे, आणि एक गुलाबी लाल. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो तो वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, तो टिकतो. ॲलिझरिन क्रिमझनवर पीआर ८३ लिहिलं असेल तर घेऊ नका, उजेडात तो उडतो. माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या संध्याकाळच्या आभाळांचा सगळा गुलाबी असाच गेला. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की कातळाचा जिवंत काळा मिळतो. निळा वाढवला की पावसातला, तांबडा वाढवला की उन्हातला. ब्रश दोन, बारा नंबरचा गोल आणि एक इंची चपटा.

कागदाबद्दल अजून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याकडच्या हवेची आहे. कोऱ्या कापडाला खळ असते तशी जलरंगाच्या कागदालाही असते. तिच्यामुळे रंग वर तरंगतो, लगेच आत शोषला जात नाही. पावसाळ्यात कागद उघडा राहिला की ही खळ जागोजागी मरते. मग आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, मारला की ठिपके-ठिपके पडतात, धुतलेल्या कापडावर शाई पसरावी तसे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, लोखंडी कपाटात ठेवा. भिंतीला लागून ठेवू नका. पॅलेटही पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नका, बुरशी येते.

आता खरं काम, म्हणजे पाणी. जलरंगात रंग शिकायला वर्ष लागलं तर पाणी शिकायला पाच लागतात. इस्त्रीआधी कापडावर पाणी शिंपडून ते किती दमट ठेवायचं हे जसं बोटाला कळतं, तसंच हेही कळतं, फक्त डोळ्याला. कागद तिरका धरून उजेडाकडे बघा. चकाकी आहे तोवर रंग टाकला तर पसरतो, ढगाच्या कडा अशाच मऊ होतात. चकाकी गेली पण कागद अजून दमट आहे, ही वेळ धोक्याची. तेव्हा जास्त पाण्याचा ब्रश लागला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. त्या वेळी हात मागे घ्यायचा, थांबायचं. पूर्ण वाळल्यावरच कडक कडेचं काम, म्हणजे झाडाची फांदी, कातळाची चीर, कौलाची रेघ. एप्रिलमध्ये साताऱ्याला उघड्यावर वॉश दोन-तीन मिनिटांत वाळतो, जुलैत अर्धा तास वाळत नाही. म्हणून उन्हाळ्यात मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर चिकटवते आणि नवाच्या आत उठते. पावसाळ्यात एकाच वेळी दोन चित्रं घेऊन बसते. आणि वाळल्यावर रंग फिका होतो, म्हणून ओला असताना थोडा जास्त वाटेल इतका टाका.

शिलाईत आपण माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडतो, तशी कागदालाही सोडा. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. तो सुरुवातीलाच राखून ठेवला नाही तर मागाहून आणता येत नाही.

यानंतरचं मी जरा लांबवणार आहे, कारण माझी तेरा वर्षं याच्यातच गेली.

आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो. मी तो चाळीसपेक्षा जास्त वेळा काढला आहे. पहिल्या वर्षी मी त्याचा त्रिकोण काढायचे, कारण लहानपणापासून डोंगर म्हणजे त्रिकोण आणि मागून उगवणारा सूर्य. शेजारची शाळकरी मुलगी एकदा म्हणाली, "काकू, किल्ला तर वरून सपाट आहे." तिचं खरं होतं. मी रोज बघत होते आणि मला दिसत नव्हतं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. टणक थर उभा तुटतो, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याची उतरण होते. म्हणून माथा सपाट आणि अंगावर आडवे टप्पे. कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. हे समजल्यावर मी बाह्यरेघ सोडून आधी आडव्या पट्ट्या मांडायला लागले आणि कागदावर पहिल्यांदा आमच्याकडचा डोंगर उभा राहिला. परदेशी चित्रकारांचे व्हिडिओ बघून काढलेले डोंगर साताऱ्याचे का वाटत नाहीत याचं उत्तर इथे आहे. त्यांचे डोंगर वेगळ्या कारणांनी घडलेले आहेत.

उजेडाचंही तसंच. गाव किल्ल्याच्या उत्तरेला आहे, म्हणजे आम्हाला डोंगराची उत्तरेकडची बाजू दिसते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे ती बाजू बराच वेळ सावलीत असते, निळसर, सपाट, घड्या नसलेल्या कापडासारखी. मेच्या मध्यानंतर सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि तीच बाजू उजळते, प्रत्येक घळ वेगळी दिसायला लागते. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. चित्रांच्या मागे तारीख आणि वेळ लिहायची सवय होती, म्हणून तीन वर्षांची चित्रं जमिनीवर मांडल्यावर ती दिसली. तुम्ही दिवाणजी होता, नोंदी ठेवायला तुम्हाला शिकवायला नको. प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ, आभाळ कसं होतं आणि कुठले रंग वापरले ते लिहा.

लांबचा डोंगर निळा काढावा असं सगळे सांगतात. पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असते तेव्हा ते बरोबर आहे. मार्च ते मे हवेत धूळ असते, वणव्यांचा धूर असतो. तेव्हा यवतेश्वरच्या पलीकडचे डोंगर निळे होत नाहीत, मातकट राखाडी होतात, आणि पायथा आधी पुसला जातो. माथ्याची रेघ तेवढी हवेत तरंगत राहते. एप्रिलचं चित्र निळ्या डोंगरांनी काढलेलं दिसलं की मला कळतं, हे घरात बसून काढलंय.

नव्याने सुरू करणाऱ्यांना एक सांगणं आहे, कुणाला पटो न पटो. फुलांच्या हंगामात कासला रंगपेटी घेऊन जाऊ नका. निदान पहिली दोन वर्षं नको. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा बघून हात सैरभैर होतो आणि चित्राची नक्षी होते. त्यापेक्षा मे महिन्यातला वाळक्या गवताचा एक उतार घ्या. त्यात ऑकर, सिएना आणि सावलीतला फिका जांभळा एवढंच असतं. तो जमला की पुढे कासही जमेल.

आणि रंगाच्या आधी उजेड-अंधार. पहिला महिना एकच गडद मिश्रण वापरा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचं. डोळे किलकिले करून बघा: सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, मधले तीन टप्पे कुठले. बहुतेक वेळा आभाळ सगळ्यात उजळ, सपाट जमीन त्याखालोखाल, उतार त्याहून गडद आणि उभी झाडं सगळ्यात गडद. हे टप्पे बरोबर असतील तर रंग चुकला तरी चित्र उभं राहतं. टप्पे चुकले तर महागातला महाग रंगही वाचवत नाही.

आता तुमच्या सपाट सांगलीकडे येते. मला तुमचा हेवा वाटतो. डोंगर समोर असला की तो सगळा कागद खातो आणि आभाळाला उरलेली पट्टी मिळते. तुमच्याकडे आभाळच चित्र आहे. क्षितिजरेषा कागदाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात घ्या, वर दोन हिस्से ढगांना द्या. लांबचे ढग बारीक आणि आडवे, डोक्यावरचे मोठे. ही खोली तुम्हाला डोंगराशिवाय मिळते. खाली काळ्या रानाची एक पट्टी, उसाचा एक फड. उसाला तुरे आले की त्याचा माथा रुपेरी, किंचित जांभळट होतो, तो कोरा कागद राखून आणि अगदी पातळ रंगाने काढता येतो. पावसाळ्यातला हिरवा ट्यूबमधून थेट घेऊ नका. पिवळा आणि अल्ट्रामरीन मिसळा आणि त्यात बर्न्ट सिएनाचा कण टाका. तेवढ्याने तो प्लास्टिकचा वाटायचा थांबतो.

आणि कृष्णा आहे. १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल हा तुमचा अजिंक्यतारा समजा. तोच तो काढा, वर्षभर. जानेवारीच्या धुक्यात त्याचे जवळचे खांब दिसतील आणि लांबचे विरून जातील. जुलैत पाणी गढूळ तांबूस होईल आणि प्रतिबिंबं जवळजवळ मिटतील. ऑक्टोबरनंतर पाणी निवळलं की ती परत येतील. प्रतिबिंबाचा एक नियम लक्षात ठेवा: गडद वस्तू पाण्यात किंचित उजळ दिसते आणि उजळ वस्तू किंचित गडद. प्रतिबिंब सरळ खाली उतरतं, सावली उजेडाप्रमाणे तिरकी पडते. नवीन माणूस या दोघांची गल्लत करतो. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे. पुराच्या दिवसांत दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा आहे का ते काठावरून बघा. हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे जमिनीतले खड्डे, जिथे होती ती जमीनही काढा. २००५ च्या पुरात त्यांतली कितीतरी निकामी झाली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ज्या जागेशी आपला संबंध आहे तिथे बसल्यावर कंटाळा येत नाही, आणि कंटाळा न येणं हे या कामात फार मोठं भांडवल आहे.

क्लास लावायचा का? महिनाभराचा लावा, ब्रश कसा धरायचा आणि वॉश कसा सोडायचा एवढ्यासाठी. पुढे क्लासपेक्षा एक माणूस शोधा. प्रत्येक गावात एखादे निवृत्त चित्रकला शिक्षक असतात. पंधरा दिवसांनी त्यांच्यासमोर चित्रं मांडायची आणि ते बोलतील ते ऐकून घ्यायचं. मला असे एक सर मिळाले. सहा महिने ते एकच वाक्य म्हणत होते, "सावली एकाच फटक्यात टाका, गिरवू नका." शिवणकामाने मला टीप मारून पुन्हा टीप मारायची सवय लावली होती, ती सुटायला दोन वर्षं गेली.

मूळ चित्रंही बघा. मोबाइलवर कागदाचा पोत दिसत नाही, रंगाचा पातळपणा दिसत नाही. सांगलीहून कोल्हापूर जवळ आहे. चित्रकार अबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. एका तळ्याकाठी आयुष्यभर पुरेल इतकं काम असतं, हे त्यांच्याकडून शिकावं. आमच्या जिल्ह्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेले राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, यांनी ते उभं केलं. तिथे रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. ती निसर्गचित्रं नाहीत, पण कापडावर उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते हे बघत मी एकदा अर्धा दिवस एकाच पदरासमोर उभी होते.

डोळ्यांचं मात्र हयगय न करता बघा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात लांबचा डोंगर वरून आणि कागद खालून बघावा लागतो, दिवसभरात मान धरते. बोर्ड मांडीवर न ठेवता तिरका, हाताच्या अंतरावर ठेवा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तेच अंतर मोजून सांगा. मोतीबिंदू असेल तर रंग बदलतात. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा उजव्याचं बाकी होतं. गच्चीत उभं राहून एक-एक डोळा झाकून बघितलं. उजव्याने किल्ल्यामागचं आभाळ सायीसारखं पिवळट, डाव्याने निळं. फ्रेंच चित्रकार मोने याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्याआधीच्या त्याच्या चित्रांत तांबडा-तपकिरी वाढलेला दिसतो. तपासून घ्या. आणि घडीचं स्टूल घ्या, जमिनीवर बसू नका. गुडघे गेले तर नदीवर जाणंच बंद होईल.

लोक भोवती जमतील. मला सुरुवातीला फार संकोच वाटायचा, बाईमाणूस एकटी बांधावर बसलेली. आता मी ज्याचं रान त्याला आधी विचारते आणि झालेलं चित्र दाखवून निघते. कुणी तरी नक्की म्हणतं, "इथे एक आंबा होता, तो काढला नाही तुम्ही." मी तो आंबा काढून देते.

विकण्याचं तीन वर्षं मनात आणू नका. विकायचं ठरलं की माणूस हमखास आवडणारं काढायला लागतो. चौकट करायची झाली तर कारागिराला आधी बजावा की चित्र गोंदाने पाठीमागे चिकटवायचं नाही, माउंटला, म्हणजे चौकटीतल्या पुठ्ठ्याला, वरून पट्टीने टांगायचं. माझी चार चित्रं अशी चिकटवल्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात फुगली. ती परत सोडवता आली नाहीत.

तेव्हा येत्या रविवारी उजाडायच्या आत घाटावर जा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढेच दोन रंग न्या, कागदाचे तीन तुकडे आणि पाण्याची बाटली. पहिल्या तुकड्यावर नुसतं आभाळ आणि पाणी, मध्ये रेघसुद्धा नको. दुसऱ्यावर पूल, पाच टप्प्यांत. तिसरा कोरा परत आणलात तरी चालेल. पाठीमागे वेळ लिहायला विसरू नका. असे बारा रविवार झाले की बाराही रविवारचे कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि मला कळवा, कुठल्या रविवारी पाणी आभाळापेक्षा उजळ होतं.